फुलचूरची कुंडी

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी कोणी न वाढवता वाढतात. एक म्हणजे प्लेटवरची बुरशी आणि दुसरी म्हणजे किस्से. बुरशी निदान वाफेत घालून मारता येते. किस्स्याचं तसं नाही. एकानं चहाच्या वेळी सांगितला, की दुसरा त्यात आपल्या पदरचं थोडं घालतो, तिसरा नागपूरला जाऊन भलत्यालाच सांगतो, आणि महिन्याभरानं तो आपल्याकडेच परत येतो, लठ्ठ होऊन!

म्हटलं, दुसऱ्या कोणी सांगण्याआधी आपणच सांगून टाकावं. एवढंच आधी सांगते की यातल्या बऱ्याच किस्स्यांत पटले आहे, आणि पटलेबद्दल माझं मत अजिबात निःपक्षपाती नाही.

आम्ही चौघं. सर, म्हणजे आमचे साहेब, नागपूरचे. रहांगडाले ताई अळ्या सांभाळतात. पटले आणि मी माती तपासतो. मातीत काही जिवाणू असे असतात की ते पानाबरोबर बोंडअळीच्या पोटात गेले की तिचं खाणंच सुटतं. दोनतीन दिवसांत ती काळी पडते, मऊ होते आणि संपते. असे जिवाणू शोधायचे, वाढवायचे आणि कापसावर फवारायचे, हे आमचं काम.

आणि लॅब कुठे? गोंदियात! जिथे नजर टाकाल तिथे धान. आमच्याकडे कापूस दिसतो तो देवापुढच्या वातीत, नाहीतर गादीत.

एकदा ऑटोवाल्यानं मला विचारलं, "मॅडम, आप वो लॅब में क्या करते?"

"कपास की इल्ली पे काम चलता है."

त्यानं ब्रेकच मारला. "गोंदिया में कपास?"

"कपास बाहर से आता है."

"और इल्ली?"

"वो भी बाहर से."

"तो यहां का क्या है फिर?"

"मिट्टी."

त्यानं जरा विचार केला आणि ऑटो पुन्हा सुरू केली. "सही है मॅडम. जो फोकट में मिलता, वही अपना!"

सरांचं म्हणणंही साधारण हेच, फक्त भाषा वेगळी. कापसाच्या पट्ट्यात मातीनं इतकी औषधं प्यायली आहेत की तिथे शोधत बसण्यापेक्षा इकडची जंगलकाठची, तलावाच्या पाळीची, बांधाची माती बघावी, असं ते म्हणतात.

*

पटले लॅबमध्ये नवा होता तेव्हाची गोष्ट. रहांगडाले ताई दोन दिवस लग्नाला गेल्या होत्या. अळ्या चण्याच्या पिठाच्या खाण्यावर वाढतात आणि एकेका छोट्या कपात एकेकीला ठेवावं लागतं. पटलेनं विचार केला, एवढे कप धुणार कोण? त्यानं सगळ्या अळ्या एका मोठ्या डब्यात घातल्या, वरून भरपूर खाणं टाकलं आणि झाकण लावलं.

ताई परत आल्या. ताई अळ्यांना पोरी म्हणतात. डबा उघडला तर आत मोजक्याच पोरी, आणि त्या अशा टम्म!

"पटले! माह्या पोरी कुठी गेल्या?"

"इथंच हायेत ना ताई. एकीच्या पोटात एक!"

बोंडअळ्या एकमेकींना खातात, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ताईंनी दिवसभर बसून उरलेल्या पोरींना पुन्हा एकेका कपात घातलं. सरांनी मात्र त्याच आठवड्यात माझं टेबल खिडकीपाशी आणि पटलेचं दाराशी हलवलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "यांनाही वेगवेगळ्या कपात ठेवलेलं बरं!"

म्हणजे मी आणि पटले! मी काय त्याला खाणार होते? तेव्हा तरी नव्हते.

*

आता खरी मेख सांगते. आमच्याकडे एक रिवाज आहे. कोणीही गावी गेलं, सणाला गेलं, बारशाला गेलं की येताना तिथली माती आणायची, आणि एरवी दर शनिवारी पाळीनं एकेकानं. आणि प्लेटवर नंबर लिहायचा नाही, गावाचं नाव लिहायचं. नंबरांचा एकदा फार गोंधळ झाला होता, म्हणून सरांनी हा नियम केला. त्यामुळे आमच्याकडे बोलणी अशी चालतात: "सडक अर्जुनी आज वास मारून राहिली," "तिरोड्यावर बुरशी आली, फेकून द्या."

आणि यंदा सरांनी जाहीर केलं की पावसाळ्याच्या तोंडाशी एकच जिवाणू निवडायचा. तो बाटलीत भरून वर्ध्याकडच्या एका शेतकऱ्याच्या कापसावर फवारायला जाणार. आणि बाटलीवर नाव त्या गावाचं, जिथली माती.

झालं! मला त्या बाटलीवर 'मोरगाव' हवं होतं. अर्जुनी मोरगाव माझं गाव. मी तिथल्या शाळेत शिकले, तिथल्या तलावाच्या पाळीवर खेळले. हवं होतं म्हणजे किती? जेवताना ठसका लागावा इतकं!

मी गावी गेले की पिशव्या भरभरून माती आणायची. तलावाच्या पाळीची, धानाच्या बांधाची, बांबूच्या बेटाची. फक्त एक जागा सोडून. आमच्या दारात मोगरा आहे, आईचा जीव की प्राण. मी चमचा घेऊन त्याच्याजवळ बसले तर आई आतूनच ओरडली, "मोगऱ्याच्या बुडाले हात नको लावू हं! बाकी सारं गाव खोदून ने."

तर ती बाकीच्या गावाची माती घेऊन मी एसटीत बसले. कंडक्टरनं पिशव्यांकडे बघितलं. "हे काय होय मॅडम?"

"माती."

"काऊन? गोंदियाले माती नाही का?"

शेजारच्या म्हातारीनं पिशवीवर लिहिलेली नावं वाचायला नातीला सांगितलं. नातीनं मोठ्यानं वाचलं, "कापगतेचं अंगण. लांजेवारचा बांध." म्हातारी उठली, दोन सीट मागे जाऊन बसली आणि तिथून म्हणाली, "बाई, कोनाच्याई अंगनाची माती अशी नेऊ नाई. कोनावर करनी करून राहिली तू?"

सगळी एसटी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "आजी, बोंडअळीवर!"

म्हातारीनं नातीला कानात विचारलं, "हे कोन्या गावची बाई होय?"

*

आणि एवढं करून काय? माझ्या मातीतले जिवाणू आळशी निघाले. माती पाण्यात घोळायची, ते पाणी चांगलं कडक तापवायचं, म्हणजे लेचेपेचे मरतात आणि चिवट तेवढे उरतात. माझे चिवट होते, पण कामाचे नव्हते. अळीच्या पोटात जाऊन नुसते बसून राहायचे!

एकदा मी जिद्दीला पेटून, मोरगावची नाही तर निदान आपण आणलेली माती तरी, म्हणून कचारगडच्या वाटेवरच्या एका शेतात गेले. सालेकशापासून आत, उन्हात. शेतकऱ्याला विचारून बांधाची माती घेतली, सागाच्या बुडाची घेतली. पटलेही आला होता. त्यानं काय केलं? सावलीत बसून त्या शेतकऱ्याच्या घरचा मोहाचा लाडू खाल्ला आणि माझे फोटो काढले. पाठमोरे!

त्या मातीवर मी खूप आशा ठेवली होती. तिच्यातले जिवाणू अळ्यांना खाण्यातून दिले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ताईंच्या खोलीत पळत गेले.

ताई कपात डोकावून कौतुकानं बघत होत्या. "मॅडम, तुमच्या मातीनं तं पोरीइले बाळसं धरलं!"

दाराशी पटले हसला. आवाज न करता हसला, पण मला ऐकू आलं.

*

आणि मग तो सोमवार आला. मागच्या शनिवारी पटलेची माती आणायची पाळी होती आणि तो विसरला होता. सकाळी घरून निघताना त्याला आठवलं. पटले फुलचूरला राहतो, गावाच्या टोकाला, नवं घर बांधलंय. दारात कुंडी होती. त्यानं गाडीवर बसल्या बसल्याच हात घातला, मूठभर माती टिफिनच्या पिशवीत टाकली आणि आला.

सरांनी विचारलं, "कुठली?"

"दारातली."

"दारातली म्हणजे?"

"दाराजवळची, सर."

मी मनात म्हटलं, ही काय पद्धत झाली! ना जागेची निवड, ना चमचा, ना स्वच्छ पिशवी. वर पोळीचा तुकडा लागलेला! मी उन्हात सालेकशाला जाते आणि हा गाडीवरून उतरतसुद्धा नाही.

आठवड्याभरात त्या मातीतला जिवाणू वाढला. त्यापुढच्या आठवड्यात अळ्यांना दिला. पहिल्या दिवशी अळ्यांनी खाणं सोडलं. दुसऱ्या दिवशी सुस्तावल्या. तिसऱ्या दिवशी सगळ्या कपांतून काळ्या पडलेल्या. एकूण एक!

सर टाळ्या वाजवत होते. मी 'वा वा' म्हणाले. माझ्याच तोंडचा 'वा वा' मला ओळखू आला नाही. ताई मात्र पदरानं डोळे पुसत होत्या.

"माह्या पोरी!" त्या म्हणाल्या. "मॅडमच्या मातीले दिल्या तं लठ्ठ झाल्या, अन् फुलचूरले दिल्या तं मेल्या!"

पटलेनं पेढे वाटले. मला पेढा गोड लागला नाही. दुसरा खाऊन बघितला, तोही नाही. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात, पण देवानं निदान आंधळ्याला चार पावलं तरी चालायला लावावं ना!

*

या जिवाणूंच्या अंगात एक बारीक स्फटिक असतो. अळीला मारतो तो तोच. मायक्रोस्कोपखाली चांगला दिसतो, दोन टोकं असलेला, चमकणारा. फुलचूरचा स्फटिक सरांनी बघितला आणि म्हणाले, "हिरा आहे हिरा!"

मग सगळ्यांनी बघितला. ताईंनी बघितला. शेजारच्या ऑफिसातला शिपाई बघून गेला. पटलेची बायको डबा द्यायला आली होती, तिनंही बघितला आणि लाजली, जणू तिच्याच नाकातल्या चमकीचं कौतुक चाललंय.

माझी पाळी आली. मी बघितलं. "लेन्सवर धूळ असेल," म्हटलं.

लेन्स पुसली. होताच. पुन्हा पुसली. होताच. लेन्स बदलली.

पटले म्हणाला, "मॅडम, पुसून पुसून काच झिजंल. हिरा नाई झिजत!"

पटलेच्या खिशात कायम एक काळा मार्कर असतो. त्यानं तो काढला आणि मोठ्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'फुलचूर' लिहिलं. ल आणि च यांच्यात एवढी जागा सोडली की दुरूनही वाचता यावं. ही जागा माझ्या कामी कशी येणार होती, ते त्याला तेव्हा माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

*

ज्यांच्या कापसावर फवारायचं ते काका वर्ध्याकडून स्वतः बघायला आले. धोतर, पांढरी टोपी, हातात स्मार्टफोन. सरांनी त्यांना सगळं समजावलं. हे जिवाणू म्हणजेच बीटी, असं सांगताच काकांनी हात वर केला.

"थांबा साहेब. बीटीचं तं मी बियानंच पेरतो. आता तुमी वरतून बीटी फवारून राहिले. मंग अळीनं खावं तरी काय?"

सरांनी पुन्हा समजावलं. बियाण्यातली गोष्ट वेगळी, हे जिवंत जिवाणू वेगळे. काका मान डोलावत होते. मग त्यांची नजर बाटलीवर गेली.

"हे काय लिवलं?" त्यांनी वाचलं. "फुल... चूर?"

"आमच्या गावचं नाव होय," पटले अभिमानानं म्हणाला.

काका दोन पावलं मागे सरले. "नाई बाप्पा! माह्या कपाशीले फुलं लागायच्या टायमाले मी हे 'फुल चूर' मारू? फुलाचा चुरा झाला तं बोंड कुठून येईन? अन् गावातले लोक काय म्हनतीन मले?"

"अहो काका, ते नुसतं नाव आहे," सर म्हणाले.

"नावातच तं खोट हाय साहेब! दुसरं नाव टाका, मी आज फवारतो. ह्या नावाची बाटली माह्या बांधावर नाई येनार."

पटलेचा चेहरा काय सांगू! मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले, कारण मला हसू आवरत नव्हतं. वर्ध्याच्या त्या काकांच्या पाया पडावंसं वाटलं मला. मी त्यांना माझ्या पैशानं नाश्ता दिला, जिलेबीसकट.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी आजवर कोणाला सांगितलेला नाही, पण बाकीच्या तिघांनी सगळ्यांना सांगितलाय, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

काका चहा पीत बसले होते. सर म्हणत होते, नाव काय द्यावं? आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

पटलेच्या दारातली कुंडी! ती त्याच्याकडे आली कुठून? मागच्या वर्षी त्याच्या घराची वास्तुशांती झाली तेव्हा ती मीच दिली होती! मी आईला फोन करून सांगितलं होतं की आपल्या दारच्या मोगऱ्याचं एक रोप आण, ऑफिसातल्या माणसाकडे द्यायचंय. आई मोरगावहून गाडीनं आली, रोप कुंडीसकट पदराखाली झाकून माझ्या खोलीवर आणलं. धूळ लागू नये म्हणून किती जपलं होतं बिचारीनं! म्हणजे रोप माझं, कुंडी माझी, माती माझ्या दारची. आयत्या बिळावर नागोबा बसतो तसा पटले बसला होता, आणि मी इतके दिवस लेन्स पुसत होते!

"सर," मी म्हटलं, "ही माती फुलचूरची नाहीच. मोरगावची आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सगळं सांगितलं. पटले आठवून म्हणाला, "कुंडी तं मॅडमनंच देली होती, खरं हाय." बिचारा खरं बोलतो, हाही त्याचा एक त्रासच आहे.

काकांनी 'मोरगाव' म्हणून बघितलं. "मोर. हे शुभ हाय. मोर अळ्या खाते. चालंल!"

सर मला म्हणाले, "कापगते, खात्री आहे ना? उगाच चुकीचं नाव नको."

"खात्री? आत्ता देते!" मी फोन काढला, आईला लावला आणि स्पीकरवर टाकला. टेबलाच्या मधोमध ठेवला, बाटलीच्या शेजारी. सगळ्यांनी नीट ऐकावं म्हणून!

"आई, मागल्या वर्षी तू पटलेंच्या वास्तूले मोगरा आणला होता ना?"

"आनला होता. काऊन?"

"तो आपल्या दारचाच ना? आपल्या मातीतला?"

आईनं आवाज खाली आणला.

"तू एकटी होस का?"

"हो," मी म्हटलं. का म्हटलं ते विचारू नका.

"मंग ऐक. घरचा मोगरा असा लोकाइच्या दारी देतेत का वो? एवढी वर्सं जपला मी! तू तं येडी होस, कोनालेई काईबी देते. मी ठेसनावर उतरली, ऑटो केला, अन् फुलचूरच्या नाक्यावर नर्सरी हाय तिथून रोप घेतलं. कुंडीई तिथलीच, मातीई तिथलीच. तुले दिसू नाई म्हनून पदराखाली झाकून आनलं. आपला मोगरा आपल्या दारी हाय, अन् लय फुलून राहिला!"

काकांनी कप खाली ठेवला. ताईंनी तोंडाला पदर लावला. सर छताकडे बघत होते.

पटले पुढे झाला आणि फोनवर वाकला. अगदी अदबीनं म्हणाला, "नमस्कार काकू. मी फुलचूरहून पटले बोलून राहिलो. तुमी देलेला मोगरा बी लय फुलून राहिला."

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता आई फोन ठेवणार.

मग आई म्हणाली, "आमच्याहून जास्त?"